चढताना पायी, उतरताना लिफ्टनं

आयुष्यभर मी बाळंतिणींना बिछान्यावरून उठवलं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते. पोटाला टाके पडलेल्या पोरी दुसऱ्या दिवशी डोळे मिटून पडून राहायच्या, आणि मी पांघरूण ओढून म्हणायची, "उठ वं माय, पाय खाली सोड, चाल." मनातून त्या मला शिव्या देत असतील. काही जणी तोंडावरही द्यायच्या. पण चालायच्या. म्हणून मागच्या पावसाळ्यात चिकनगुनियानं मलाच आडवं केलं, तेव्हा तापापेक्षाही पडून राहण्याचाच मला जास्त राग आला.

ताप गेला, पण सांधे धरून ठेवून गेला. सकाळी हाताची बोटं उघडायची नाहीत. नळाची तोटी फिरायची नाही. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागे, लहान लेकरासारखा. एकदा दाराची कडीच निघेना. बाहेर दूधवाला आवाज देतोय, आत मी कडीशी झटतेय, शेवटी समोरची मैत्रीण धावत आली आणि खिडकीतून माझ्याकडून पातेलं नेऊन तिनं दूध घेतलं. ही गोष्ट मी रागारागानं आमच्या सगळ्या लेआउटला, म्हणजे कॉलनीला, सांगितली. तिथेच चूक झाली, कारण कोणीतरी ती माझ्या मुलीला फोनवर कळवली.

मुलगी पुण्याला नोकरीला. ती लॅपटॉप घेऊन आली आणि पंधरवडाभर राहिली. खोटं कशाला बोलू, तिनं सगळं केलं. माझी वेणीसुद्धा घातली. पण जाताना तिच्या मनानं घेतलं, की आईला पुण्याला न्यायचं आणि हे घर भाड्यानं देऊन टाकायचं. पुढे मागे विकायचंसुद्धा.

घर म्हणजे काही राजवाडा नाही. नागपूरला वाडीच्या अलीकडच्या लेआउटमध्ये दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात एक नळ. हे होते तेव्हा दोघांच्या पगारातून एकेक भिंत उभी केली. हे गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ट्रकांची धूळ दिवसभर येते आणि मी दिवसभर पुसते. दुसऱ्याच्या घरात, मग ती पोटची पोर का असेना, मी काय पुसणार?

"आई, तू एकटी राहू शकत नाहीस आता," ती फोनवर म्हणायची. पुण्याला गेल्यापासून तिची भाषा अशी इस्त्री केलेली झाली आहे.

"कोण म्हणते?"

"मी म्हणते. तुझ्याच्यानं होत नाही आता."

होत नाही! हा शब्द मला मिरचीसारखा झोंबला. तिरीमिरीत बोलून गेले, "आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या बाया दर जानेवारीत रामटेकला जातात. खिंडसीच्या तलावापासून पायी, अंबाळ्याच्या पायऱ्यांनी गडावर, अन् तिकडून गावात उतराचं. पुरा दिवस लागते. मी ते चालून दाखवतो. मंग पुण्याचं नाव नाही काढाचं."

पोर माझीच, हिशेबात पक्की. म्हणाली, "जिद्दीनं एक दिवस कोणीही चालेल. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू तुझं सगळं स्वतः करायचं. चहा, आंघोळ, दार, दूध. मी येऊन बघणार. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं."

मी म्हटलं, "हाव." फोन ठेवला आणि उठायला गेले, तर गुडघ्यातून अशी कळ आली की पुन्हा खुर्चीतच बसले.

तयारीला दिवाळीनंतर लागले. आधी अंगणातल्या अंगणात, मग लेआउटच्या मैदानाला चकरा, मग अमरावती रोडच्या कडेकडेनं गोडाऊनांपर्यंत. थंडी वाढत गेली तसे सांधे सकाळी जास्तच कुरकुरायचे. मी त्यांच्याशी वॉर्डातल्या आवाजात बोलायची. मुलीनं कुरिअरनं भारीतले बूट पाठवले, ते एक नंबर मोठे निघाले. परत करायला सांगत होती. मी आत दोन मोजे घातले आणि विषय संपवला. बूट परत पाठवले की आईनं माघार घेतली असं वाटलं असतं तिला.

सगळी अडचण एकच होती. नागपूर हे ताटासारखं सपाट. चढ शोधायचा कुठे? समोरची मैत्रीण फ्लॅट स्कीममध्ये पाचव्या मजल्यावर राहते. ती म्हणाली, "आमच्या जिन्यावर चढत जा न वं. मीही येतो सोबतीले." ती माझ्यापेक्षा वयानं लहान पण वजनानं मोठी, आणि रामटेकला दरवर्षी जाणारी. मग रोज सकाळी आम्ही दोघी तिचा जिना चढायला लागलो. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच माझा भाता फुलला. मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं नाही.

वर पोचल्यावर उतरायचं कसं, हा प्रश्न आला. मैत्रीण म्हणाली, "उतराचं लिफ्टनं. उतरताना गुडघ्यावर जोर पडते, तुह्ये गुडघे आधीच नाजूक." मलाही पटलं. एवढी वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला पटलं, हे विशेष. मग रोजचं तसंच ठरून गेलं. पायी वर, लिफ्टनं खाली, पुन्हा पायी वर, पुन्हा लिफ्टनं खाली. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं हसायची. एक काका तर रोज विचारायचे, "बाई, तुम्ही उतरताना केव्हाही दिसता, वर जाता कधी?" हळूहळू पाचवा मजला सोपा झाला. गच्चीपर्यंत जाऊ लागलो. डिसेंबर संपेपर्यंत मी कठड्याला हात न लावता, गप्पा मारत वर जायची. नळ फिरायचा, कडी निघायची, कणीक मळता यायची. आरशापुढे उभी राहून मी स्वतःला म्हटलं, सिस्टर, पास.

मुलगी आदल्या दिवशी आली. आल्या आल्या म्हणाली, "मीही चालणार तुझ्यासोबत. बघायचंय मला."

"बघ न. तिकीट थोडंच आहे."

ती रोज जिममध्ये धावते म्हणे. पट्ट्यावर. तिनं पाठीवरची सॅक भरली: पाण्याची नळीवाली पिशवी, काठी, सुक्यामेव्याच्या वड्या, मलम, पट्ट्या. मी एका कापडी पिशवीत पाण्याची बाटली, टॉवेल आणि संत्री टाकली. मैत्रिणीनं दोघींच्या खिशात एकेक कांदा कोंबला, ऊन लागू नये म्हणून. जानेवारीत! "राहू दे," ती म्हणाली, "कांद्यानं कोणाचं काही बिघडलं नाही."

पहाटे गाडी निघाली तेव्हा काचांवर धुकं होतं. बारा-तेरा बाया, आणि पायाखाली भलंमोठं पातेलं, वांग्यांची पिशवी, गोवऱ्यांचं पोतं. मुलीनं विचारलं, "हे कशाला?" सगळ्या गाडीनं एका सुरात सांगितलं, "रोडगे!" नागपूरची माणसं चंद्रावर गेली तरी आधी गोवऱ्या पेटवतील. कुठेही फिरायला निघालो की जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, फोडून वर तुपाची धार, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. शहाणी माणसं हे चालून झाल्यावर खातात. आमच्या गटाचा नियम मात्र खिंडसीच्या काठी आधी रोडगे, मग चालणं, कारण गोवऱ्या गडावर कोण वाहून नेणार?

तलावावरून थंड वारा येत होता. मी मनाशी ठरवून अर्धाच रोडगा खाल्ला आणि भाजीला हात लावला नाही. पैज मी लावली होती. मुलीनं आधी वडीच खाल्ली, पण तुपाचा वास आला आणि तिचं पुणं कुठल्या कुठे गेलं. तीन रोडगे खाल्ले तिनं. तिसऱ्याला स्वतःच तूप वाढून घेतलं. तिला असं जेवताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मग चाललो. तलावाच्या काठानं, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांतून, शेतांच्या कडेच्या धुऱ्यांवरून. दव अजून वाळलं नव्हतं. एका ठिकाणी उकडलेले शिंगाडे मिळाले, ते सोलत चाललो. मोठे बूट दोन मोज्यांनी बरोबर बसले होते. मुलगी सुरुवातीला पुढे, मग बरोबर, मग जरा मागे. मधूनमधून विचारायची, "बसायचं का आई?" मी म्हणायची, "तुले बसाचं असन तं बस." ती बसायची नाही.

अंबाळ्याच्या पायऱ्या आल्या. जुन्या दगडी, एकसारख्या नाहीत, कुठे वीतभर, कुठे गुडघ्याएवढ्या. मी जिन्याचा श्वास धरला आणि चढायला लागले. खरं सांगते, इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. पाय माझं ऐकत होते. माझ्यापेक्षा तरण्या दोघी मध्येच बसल्या, त्यांना ओलांडून मी गेले, आणि ओलांडताना मुद्दाम बोललेही, "येऊन राहिल्या न?" वर गडाच्या तटाशी पोचले तेव्हा मुलगी अजून बरीच खाली होती. मैत्रिणी दर्शनाला गेल्या. आमच्या घरातली देवदर्शनाची रीत आजोबांच्या धम्मदीक्षेबरोबरच संपली, म्हणून मी तटावर बसून संत्रं सोललं. खाली तलाव, चहूकडे शेतं, वाऱ्यानं घाम वाळत होता. मुलगी धापा टाकत आली, शेजारी बसली. मी तिला अर्धं संत्रं दिलं आणि काही बोलले नाही. जिंकलेल्या माणसानं बोलायचं नसतं.

आणि मग उतरायला लागलो.

गावाच्या बाजूच्या पायऱ्या. पहिल्या काही ठीक. मग मांड्यांत काहीतरी लटलटायला लागलं. पाय खाली टाकला की गुडघा स्वतःहून दुमडायचा. मी थांबले, पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की दोन महिन्यांत मी पायांनी एक मजलासुद्धा उतरले नव्हते. चढायचं शिकवलं होतं पायांना, उतरायचं लिफ्टनं शिकून घेतलं होतं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून, खेकड्यासारखी आडवी उतरत होती. मला बघून म्हणाली, "लिफ्ट नाही वं इथं," आणि एवढी हसली की तिला बसावंच लागलं.

मला हसू येईना. माझं घर त्या पायऱ्यांवर होतं. आडवी होऊन, एकेक पायरी, आधी उजवा मग डावा, तोंडातून हूं की चूं न काढता उतरले. भिंतीवर काळ्या तोंडाची वानरं ओळीनं बसून बघत होती. मुलगी मागून येत होती. ती काय करतेय ते मी वळून पाहिलं नाही, कारण वळलं की तोल जात होता. शेवटची पायरी संपली तेव्हा सपाट रस्त्यावरही पाय पायरी शोधत होते.

घरी आल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींपासून दुखणं लपवलं. मी मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले आणि म्हटलं, "थंडी आहे न, म्हणून." ती भिंत धरून न्हाणीत गेली आणि म्हणाली, "फरशी ओली आहे." मी मोहाच्या तेलाची बाटली तिच्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि झोपले.

सकाळी जाग आली आणि कळलं, की माझ्या कमरेखाली कोणीतरी दुसरंच माणूस निजलेलं आहे. मांड्या लाकडासारख्या. हलवायला गेले तर डोळ्यांपुढे तारे. बाहेर उजाडत होतं, दूधवाल्याची वेळ होत आली होती. मनात आलं, पडून राहावं. पुण्याला लिफ्ट आहे, कमोड आहे, दूध पिशवीतलं आहे. एवढी वर्षं ज्या पोरींना मी ओढून काढलं, त्यांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं, आणि तरीही मी त्यांना ओढलंच असतं. मोठ्यानं म्हणाले, "उठ वं माय. कुशीवर वळ. पाय खाली सोड. कोपरावर जोर दे." जे त्यांना शिकवलं तेच केलं. उभी राहिले. भिंतीचा आधार घेतला, पण उभी राहिले.

आमच्याकडे संडास देशी. तिथे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही; नळ धरून बसले आणि नळ धरूनच उठले, नळ पक्का होता म्हणून निभावलं. मग कडी काढली. दूध घेतलं. दूधवाला म्हणाला, "पाय काहून धरले काकू?" मी म्हटलं, "रामटेक चढून आलो." आंघोळ केली, पातळ नेसले, चहा टाकला. प्रत्येक गोष्टीला दुप्पट वेळ लागला, पण कोणाला हाक मारली नाही.

हे सगळं बघायला जी आली होती ती मात्र उठलीच नव्हती. दोन कप घेऊन तिच्या खोलीत गेले. मनात तयारी करून ठेवली होती, काय काय ऐकवायचं त्याची.

ती उताणी पडली होती. डोळे उघडे. कानापर्यंत पाणी वाहत होतं.

"आई, मले उठता नाही येऊन राहिलं."

मला हसूच फुटलं. जिम, नळीवाली पिशवी, काठी, आणि परीक्षक स्वतःच आडवा! कप ठेवले आणि तिच्या मांडीवर हात ठेवला, तर ती किंचाळली. "काही नाही होत. कुशीवर वळ. पाय खाली सोड." ती वळली, पण उठली नाही. माझ्या पदरात तोंड घालून रडायला लागली, आणि थांबेचना. एवढं रडण्यासारखं पायांचं दुखणं नसतं. ते मला कळतं.

"काय झालं वं?"

पदराआडूनच तिनं सांगितलं. मला चिकनगुनिया व्हायच्या आधी, उन्हाळ्यात, ती पुण्याला तापानं फणफणली होती. एकटी, त्या फ्लॅटमध्ये. मला फोनवर सांगायची की ऑफिसचं काम आहे, म्हणून आवाज असा येतो. "जेवण मागवलं होतं, आई. आणणाऱ्यानं पिशवी दाराच्या कडीले लटकवली अन् फोनवर फोटो पाठवला. मी उठून दारापर्यंत नाही जाऊ शकली. पडल्या पडल्या तो फोटोच पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तं पिशवीतून वास येऊन राहिला होता."

मी माझी कडी न निघाल्याचं सगळ्या लेआउटला ओरडून सांगितलं होतं. हिनं कोणालाच सांगितलं नाही. मला आधी राग आला. मग त्या रागाखालून जे वर आलं ते फार दुखलं. मांड्यांचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं.

"मले तू माह्यापाशी राह्याले पायजे होती," ती म्हणाली. "बस, एवढंच होतं."

"मंग तसं म्हणाचं न वं. तुले आई पायजे होती, तं मले काहून म्हातारी केलं?"

माझा पदर तिनं घट्ट धरून ठेवला होता, लहानपणी बाजारात धरायची तसा. मी तिला पाठीमागून आधार देऊन बसवलं, कप तिच्या हातात दिला, आणि मोहाचं तेल गरम करून आणलं. तिच्या पोटऱ्यांना चोळायला लागले. बोटं दुखत होती, पण चालत होती. घर राहिलं, ते मी कमावलं होतं आणि ती नाकारत नव्हती. तरीही जिंकल्यासारखं काही वाटेना.

"तिकीट काढ माह्यं," मी म्हटलं. "तुह्यासंगंच येतो."

तिनं डोळे पुसले. फोन उचलला. "घराचं काय करायचं मग?"

"घराले कुलूप लावाचं. विकाचं नाही अन् भाड्यानंही द्याचं नाही. मी परत येणार आहो. परतीचंही तिकीट काढ."

तिनं बोटं फिरवली, आणि मग थांबली. "परतीची तारीख कोणती टाकू?"

माझ्या हातात तिचा पाय होता. गेल्या पावसाळ्यापासून मी कोणाला माझ्याविषयी काही ठरवू दिलं नव्हतं, आणि पुढेही देणार नाही, एवढी एक तारीख सोडून.

"ते तू सांग," मी म्हणाले.